वाड्यातला मका दाव्यात धरा, बियाणंही हातात धरा



वनहक्काचे दावे भरताना सगळ्यांचं लक्ष नेवाडावर असतं. किती एकर, कुठल्या नाल्यापासून कुठल्या टेकडीपर्यंत, दंडाची पावती कोणत्या सालची. घराभोवतीचा वाडा मात्र राहून जातो. "तो काय, बायांचा मका," असं म्हणत पुरुषमंडळी पुढे जातात, आणि मोजणीवालेही घराच्या मागं न जाता परत फिरतात. माझं म्हणणं असं की आधी वाडा मोजा, मग नेवाड.

का? आपल्या सातपुड्यात भुकेचे दिवस कोणते ते सांगायला नको. आखाड संपला, कोठीतला दाणा संपला, ज्वारी अजून हिरवी. याच दिवसांत सावकाराच्या ओट्यावर जावं लागतं. तेव्हा तोंडात घास घालतो तो वाड्यातला मका. गुराढोरांचं शेण वाड्यातच पडतं, राख तिथंच पडते, जमीन काळी होते. पहिल्या पावसावर टोकला की लवकरचा मका दोन-अडीच महिन्यांत हिरवी कणसं देतो. दोन गुंठ्यांचा वाडा घराचं एक कर्ज टाळतो. नेवाडातलं कुठलं पीक हे इतक्या लवकर करतं?

पण एकाच जातीनं हे होत नाही. लवकरचा मका भूक भागवतो, साठवणीला टिकत नाही. पांढरा, मऊ दाण्याचा भाकरीला चांगला, पण त्याला सोंडा लवकर लागतो. कठीण, चकचकीत दाण्याचा पिवळा किंवा लाल दळायला जड, पण सालपट घट्ट असलेली कणसं चुलीवरच्या धुरात टांगली तर पुढच्या पेरणीपर्यंत राहतात. बारीक कठीण दाण्याच्या लाह्या होतात. म्हाताऱ्या बायांना हे सगळं पाठ आहे. दोन-तीन जाती ठेवण्याचं कारण हौस नाही. पाऊस लांबला तर एक जाते, दुसरी राहते.

आता अडचण. मका वाऱ्यावर फळतो. तुऱ्यातली पिवळी भुकटी उडते आणि कणसाच्या केसांवर पडते. एका केसाला एक दाणा. शेजारी दुसरी जात असेल तर तिची भुकटीही येते. पांढऱ्या कणसात मध्येच पिवळे दाणे दिसले तर समजा, त्याच पावसात भेसळ झाली. पांढऱ्यात निदान दिसतं तरी! पिवळ्यात संकरित पिवळ्याची भेसळ झाली तर डोळ्याला कळतच नाही. चार-पाच वर्षांत घरचं बियाणं आतून बदलून जातं आणि आपण म्हणतो, "जमिनीत दम राहिला नाही."

म्हणून काही गोष्टी. दोन जाती एकाच वेळी तुऱ्यावर येऊ देऊ नका. पेरणीत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर एक लवकरची नि एक उशिराची घ्या. एका लांब ओळीत लावू नका, चौकोनात लावा, म्हणजे कणीस भरतं. बियाण्याला कडेची कणसं घेऊ नका, मधली घ्या. आणि दोन-चारच मोठी कणसं निवडून सगळं बी त्यातून काढू नका. मका असा जवळच्या नात्यात वाढला की कमजोर होतो. पन्नासेक कणसांतून थोडे थोडे दाणे काढा. एका वाड्यात एवढं जमत नाही, मान्य. पण पाड्यात जमतं. एका पाड्यानं पांढरा सांभाळायचा, दुसऱ्यानं लाल, आणि पेरणीच्या आधी अदलाबदल करायची. पूर्वी सोयरिकीत बी असंच फिरायचं.

संकरित मका पेरूच नका, असं मी म्हणणार नाही. खत-पाणी असेल तर तो जास्त पिकतो, विकायला बरा. नेवाडात पेरा. पण त्याचा दाणा पुढच्या वर्षी बी म्हणून टाकला तर झाडं एकसारखी येत नाहीत, पिशवी दरवर्षी विकतच आणावी लागते. फुकट वाटलेली पिशवी तर वाड्यात अजिबात नको. पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून संकरित मका वाड्याच्या उगवतीला आणि जितका लांब जमेल तितका. डोंगरात वारा फिरतो हे खरं, तरी काहीतरी फरक पडतोच.

कुणी साहेब म्हणेल, मका तर परदेशी, तुमचं पारंपरिक कसलं? त्याला सांगा, मका मेक्सिकोकडच्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी रानगवतातून घडवला. तिथून निघून आपल्या डोंगरात आला आणि इथल्या बायांनी निवडून निवडून इथला केला.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा 2001 चा कायदा कलम 39 मध्ये सांगतो की शेतकरी आपलं बी राखू शकतो, पेरू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. फक्त कंपनीसारखा छाप मारून विकायचं नाही. वनहक्क कायदा 2006 चा. त्यात राहण्यासाठी आणि कसण्यासाठी अशा दोन्ही जमिनींचा हक्क आहे, ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे. नमुना 'अ' मध्ये दोन्हीचे रकाने वेगळे आहेत. घराचा रकाना रिकामा सोडू नका, आणि मका पिकतो तो वाडा कसण्याच्या रकान्यात लिहायला विसरू नका. पुरावा? घर, बांध, गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, हे कायद्यातच आहे. तेव्हा मोजणीच्या दिवशी घरच्या बाईला चुलीपाशी ठेवू नका. वाड्याची हद्द तीच दाखवेल.

सामूहिक दाव्यात जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावरचा हक्क मागता येतो, कलम 3(1)(ट) पाहा. त्यात गावातल्या मक्याच्या जातींची नावं ग्रामसभेनं ठरावात लिहून घ्यावीत, आपल्या बोलीत असतील तशीच.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं आपल्याकडची कणसं आणावीत. सालपट काढू नका, आणि कुणाच्या वाड्यातलं ते कागदावर लिहून बांधा.