जंतू आपले काम करतात, कारखान्याने आपले करावे

वाळूज, चिकलठाणा, पैठण इथल्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते: पाणी शुद्ध करणे परवडत नाही. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील 43 अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली. तीत औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, होते. तेव्हा हे उत्तर आपण तपासून घेतलेच पाहिजे.

मद्यार्काचे उदाहरण घेऊ. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढला की साधारण आठ ते पंधरा लिटर तांबडेकाळे पाणी उरते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ते ओढ्यात सोडले तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासळी मरते. तेच हवाबंद टाकीत घातले तर जंतू त्यातली घाण खातात आणि गॅस देतात. ज्याच्या वाड्यात गोबरगॅस आहे त्याला यात नवल नाही.

टाकीत एका जातीचे जंतू नसतात. पहिले मोठे पदार्थ फोडतात, दुसरे त्यांची आम्ले करतात, तिसरे त्या आम्लांतून हायड्रोजन आणि शिरक्यात असते ते आम्ल काढतात, चौथे त्यांचा मिथेन वायू करतात. हायड्रोजन साचला की तिसऱ्यांचे काम थांबते. तो चौथे खातात म्हणून तिसरे जगतात, आणि तिसरे देतात म्हणून चौथ्यांना खायला मिळते. ही जोडी इतकी घट्ट, की अशा एका जोडीला शास्त्रज्ञ कित्येक वर्षे एकच जंतू समजत होते. ते दोन आहेत हे 1967 साली उघड झाले.

यातले एक जरी बिघडले तरी सगळे बिघडते. बैलाने धान्याच्या राशीत तोंड घातले की त्याचे पोट आंबते. टाकीचेही तसेच. एकदम जादा माल ओतला की आम्ल साचते आणि मिथेन करणारे बंद पडतात. म्हणून टाकी बांधून फोटो काढला की काम संपत नाही. रोजची निगा लागते.

नीट चालवली तर ही टाकी सेंद्रिय घाणीचा 80 ते 90 टक्के भार उतरवते. गॅस बॉयलरखाली जळतो, तेवढा कोळसा वाचतो. म्हणजे निदान या पहिल्या पायरीला 'परवडत नाही' हे उत्तर लागू नाही.

पण जंतू सगळेच करत नाहीत, हेही लक्षात ठेवा. स्पेंटवॉशचा रंग जात नाही, क्षार जात नाहीत. मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे क्रोमियम, निकेल हे धातू तर कोणताच जंतू नाहीसे करू शकत नाही. ते गाळात बसतात. म्हणून 'शुद्ध केलेले पाणी, फुकट खत' म्हणून कोणी टँकर बांधावर आणला तर आधी पाण्याचा आणि मातीचा तपासणी अहवाल मागा. त्यात पालाश असतो हे खरे, पण निचरा नसलेल्या काळ्या रानात क्षार साचले तर कपाशीही जाते आणि ज्वारीही.

पुढच्या पायऱ्यांना खर्च येतो. तो कारखान्याने टाळला तर पैसा वाचत नाही, फक्त खाते बदलते. विहीर नासली, जनावर पाण्याला तोंड लावीना, हा खर्च आपल्या नावावर पडतो. कोरडवाहू शेतकऱ्याने कारखान्याला दिलेली ही सबसिडीच आहे. आम्ही ती देणार नाही.

1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम 25, पोटकलम 6 प्रमाणे मंडळाची संमतीपत्रांची नोंदवही बाधित माणसाला पाहता येते. बाकी कागद 2005 च्या माहिती अधिकारात मागता येतात. प्रत्येक गावाने दोघे जण नेमावेत, नोंदवही पाहून अटी उतरवून घ्याव्यात, विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्यावे. पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. जंतूंना कोणी मजुरी देत नाही, तरी ते चुकत नाहीत. ज्याला नफा मिळतो त्याने आपला वाटा उचललाच पाहिजे.