मातीची गाडी, सोन्याची गाडी

गेल्या महिन्यांत आमच्या शेणव्याच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला, व तो निकालास आणण्याचें काम, केवळ वयाच्या अधिकारानें, आमच्याकडे आलें. वाद गाडीचा होता. आमच्या कैलासवासी धाकट्या बंधूंनीं २०१५ सालीं 'थार' नांवाची जीप मोठ्या हौसेनें घेतली. त्यांचे चिरंजीव आतां म्हणूं लागले, "काका, ही देऊन नव्या पिढीची घेऊं." गाड्यांनाहि पिढ्या असतात हें आम्हांस तेव्हांच कळलें!

पहिली थार महिंद्र कंपनीनें २०१० सालीं काढिली. दुसरी २०२० च्या गांधीजयंतीस आली. आणि पांच दारांची 'रॉक्स' २०२४ च्या ऑगस्टांत. कसारा घाट चढून गेलें कीं जें नाशिक लागतें, तेथेंच ह्या तयार होतात. चिरंजीवांनीं प्रथम अश्वशक्तीचे आंकडे मांडले : जुनीची सुमारें १०५, नवीची दीडशेंच्या वर. आम्हीं विचारलें, "किन्हवलीच्या रस्त्याला, म्हशींच्या कळपांतून, हे पन्नास जादा घोडे दामटणार कोठें?" ते हंसले, पण हट्ट सोडिला नाहीं.

वाचकांस शूद्रकाचें मृच्छकटिक ठाऊक असेलच. देवलांनीं तें मराठी रंगभूमीवर आणिलें. त्यांत चारुदत्ताच्या मुलास शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपली मातीची नकोशी होते. वसंतसेना त्याच्या समजुतीसाठीं आपले अलंकार त्या मातीच्या गाडींत भरते. आणि पुढें तेच अलंकार भर न्यायसभेंत चारुदत्ताच्या मित्राच्या कांखेंतून खालीं पडतात व खुनाचा आळ पक्का करितात! फुकट आलेली गाडीहि स्वस्त पडते असें नाहीं. सचिन तेंडुलकर यांस ब्रॅडमनच्या २९ शतकांशीं बरोबरी केल्याबद्दल २००२ सालीं फियाट कंपनीतर्फे शूमाकरच्या हस्तें फेरारी मिळाली. तिची जकात कोटीवर गेली. सरकारनें दिलेल्या माफीचा गवगवा न्यायालयापर्यंत पोंचला, आणि अखेर रक्कम कंपनीनेंच भरली. २०११ सालीं ती गाडी विकलीहि गेली.

हें सर्व सुनावून आम्ही नकार देणार, इतक्यांत सूनबाई ताटें उचलतां उचलतां म्हणाल्या, "मामंजी, मागल्या बांकांवर मुलें समोरासमोर बसतात. कमरेला पट्टा नाहीं. रोज शहापूरच्या शाळेला असेंच जातात."

आम्ही कंदील घेऊन (वीज नेहमींप्रमाणें गेलेली होती) अंगणांत गेलों व आयुष्यांत प्रथमच ती जीप नीट पाहिली. दोन आडव्या बांका, धरावयास एक दांडी. धक्का बसतांच फुगून छातीस आधार देणारी हवेची पिशवी एकहि नाहीं. रॉक्समध्यें अशा सहा आहेत, सर्वांचीं तोंडें पुढें, सर्वांस पट्टे. आणि भारत एनकॅपच्या आपटणीच्या परीक्षेंत तिला पांचापैकीं पांच तारे. घोड्यांऐवजीं हेंच आधीं सांगितलें असतें तर आमचें व्याख्यान वांचलें असतें.

किंमत मात्र २०२४ सालीं निघाली तेव्हांच १२.९९ लाखांपासून पुढें होती, वर कर निराळे. हाताशीं पैसा होता तो घराच्या कौलांसाठीं ठेवलेला. शिवाय जुनीस दलालानें जो भाव सांगितला तो ऐकून आमच्या भावजयीच्या डोळ्यांस पाणी आलें. "त्यांचा हात लागलेलें चाक आहे तें," एवढेंच त्या बोलल्या.

शेवटीं निकाल दिला तो असा : रॉक्स घ्यावी, पण सर्वांत खालच्या किंमतीची, कौलें यंदा फुटकीं तेवढींच बदलावीं, उरलेलें कर्ज चिरंजीवांनीं आपल्या पगारांतून फेडावें. जुनी विकूं नये. नोंदणीचीं पंधरा वर्षें भरेपर्यंत, म्हणजे २०३० पावेतों, तिनें शेतावर भात वाहावें. मुलांनीं तिच्या मागें बसूं नये.

भावजयीनें किल्ली पुन्हा देवघराच्या खुंटीस लाविली. येत्या पावसाळ्यांत पडवींत दोन बादल्या ठेवाव्या लागतील.