गणवेश पाहून शिक्षा

आमवाताच्या रुग्णांच्या घरी हल्ली एक वाक्य वारंवार आमच्या कानी पडते : "हैदराबादेस नवे इंजेक्शन देतात, ते नेमके बिघडलेल्या पेशींवरच जाते." या ‘नेमके’ शब्दापाशी थोडे थांबणे अगत्याचे वाटते. आदिलाबादहून सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास करून जाणाऱ्याने पदरी काय पडणार, हे आधी जाणलेले बरे.

आमवात, म्हणजे डॉक्टरांचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा निव्वळ वयोमानाच्या झिजेचा रोग नव्हे. शरीराच्या रक्षक पेशींपैकी काही आपपरभाव विसरतात व सांध्यांच्या अस्तरावरच तुटून पडतात. त्यांत बी पेशींचा मोठा वाटा असतो. रक्ततपासणीच्या कागदावर ‘आर. ए. फॅक्टर’ म्हणून जे दिसते, ते याच कुळातील पेशींनी घडविलेले प्रतिपिंड.

रिटुक्सिमॅब हे औषध मूळचे कर्करोगाचे. अमेरिकेत १९९७ साली लसिकापेशींच्या कर्करोगासाठी आणि २००६ साली आमवातासाठी त्यास मान्यता मिळाली. २००७ साली हैदराबादच्याच डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती ‘रेडिटक्स’ या नावाने कमी किमतीत आणली; तरी सामान्य संसारास ती जडच.

हे औषध बी पेशींच्या अंगावरील सीडी-२० नावाची खूण ओळखते. परंतु ही खूण दोषी पेशीवर असते तशी निर्दोष पेशीवरही असते! आम्हां मास्तरांच्या भाषेत सांगावयाचे तर, खोडी कोणी काढली हे कळेना, म्हणून एका गणवेशातील सगळा वर्गच घरी धाडावा, तसे हे आहे. (पद्धत न्याय्य नव्हे, पण शांतता होते खरी.) अस्थिमज्जेतील मूळ पेशींना तो गणवेश अद्याप मिळालेला नसतो, आणि प्रतिपिंडे घडविणाऱ्या प्रौढ पेशींनी तो उतरविलेला असतो, हे दोन्ही गट वाचतात. म्हणूनच जुन्या रोगांविरुद्धचे संरक्षण बव्हंशी टिकते, आणि म्हणूनच साधारणतः सहा ते नऊ महिन्यांनी नवा वर्ग भरू लागतो. त्यात खोडकर पुन्हा आले, की सांधेही पुन्हा सुजू शकतात.

वर्ग रिकामा असताना लसीचा धडा शिकणार कोण? तेव्हा लागणाऱ्या लसी आधीच, डॉक्टरांस विचारून, टोचून घ्याव्यात. हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणी तर चुकवूच नये; अंगात दबून राहिलेला तो विषाणू या औषधानंतर उसळू शकतो. अडॅलिमुमॅबसारखी औषधे पेशी न मारता दाह वाढविणारे एक रसायन अडवितात. तेथे भीती सुप्त क्षयाची. आपल्या देशात ही भीती लहान मानून चालणार नाही.

मात्र पुष्कळांस इतक्या दूर जाण्याची पाळीच येत नाही. वेळेवर सुरू केलेले जुने, स्वस्त मेथोट्रेक्झेट अनेकांस पुरते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. कोणत्या वारी घ्यावयाची, तो वार डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहवून घ्यावा, आणि घरातील दुसऱ्या कोणीतरी तो वाचून ठेवावा.