कौतुकानंतरचे कर्तव्य

महाविद्यालयांचे नवे वर्ष सुरू होण्याची वेळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत घरोघर टक्केवारी, शाखा आणि शुल्क यांची चर्चा सुरू होते. या गर्दीत काही विद्यार्थी असे असतात की प्रवेश मिळाला म्हणजे त्यांची अडचण संपत नाही, तर तेथून ती सुरू होते. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचे पाय साथ देत नाहीत, तर कोणाचा हात तीन तास लेखणी धरू शकत नाही. या विद्यार्थ्यांकडे आमच्या तिन्ही शहरांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

प्रांजल पाटील यांचे नाव उल्हासनगरात कोणाला ठाऊक नाही? वयाच्या सहाव्या वर्षी दृष्टी गमावलेल्या या मुलीने दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिक्षण घेतले, उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयातून बारावी केली आणि पुढे पदवीसाठी मुंबईचे झेवियर्स महाविद्यालय गाठले. २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्या ७७३ व्या आल्या, पण दृष्टिहीनतेचे कारण पुढे करून रेल्वे खात्याने त्यांना सेवेत घेतले नाही. पुढच्याच वर्षीच्या परीक्षेत त्यांनी १२४ वा क्रमांक मिळवला, आणि २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. शहराने त्यांचे सत्कार केले, ते योग्यच झाले. पण सत्काराचे हार सुकल्यावर एक प्रश्न उरतो. त्यांच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्याची वाट त्यांच्या यशाने किती सोपी झाली? अपवादाचा गौरव करणे सोपे असते. ज्या परिस्थितीमुळे तो अपवाद ठरतो, ती बदलणे कठीण असते.

कायदा या विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे. १९९५ च्या कायद्याने त्यांच्यासाठी किमान ३ टक्के जागा राखल्या होत्या. २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत हे प्रमाण किमान ५ टक्के केले आणि प्रवेशाच्या कमाल वयात ५ वर्षांची सवलत दिली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात याहून पुढचे पाऊल टाकले. लिहिताना हात आखडण्याच्या विकाराने त्रस्त असलेल्या या उमेदवाराचे व्यंग प्रमाणपत्रावर ४० टक्के भरत नसले, तरी त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. प्रत्येकाची गरज पाहून यथोचित सोय करणे ही मेहेरबानी नव्हे, असे हे तत्त्व आहे.

हा निकाल वाचताना आम्हांस आमच्या शिक्षकी पेशातील एक चूक आठवली. वर्गात तोंडी उत्तरे अचूक देणारा एक मुलगा लेखी परीक्षेत अर्धा कागद कोरा ठेवी. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘हलगर्जी’ असा शेरा मारला आणि मोकळे झालो. लिहिताना त्याचा हात दुखतो, हे विचारण्याचे आम्हांस सुचलेच नाही. तो शेरा त्याच्या नव्हे, आमच्या हलगर्जीपणाचा होता.

कायद्याने जागा मिळते, पण शिक्षण मिळतेच असे नाही. लेखनिकाचेच पाहा. परीक्षा आठवड्यावर आली की विद्यार्थ्याचे आईबाप शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांची विनवणी करू लागतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. उत्तर तोंडी सांगून लिहवून घेणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. वाक्य मनात पूर्ण बांधावे लागते, परिच्छेद कोठे पाडायचा हे सांगावे लागते, आकृती शब्दांनी उभी करावी लागते. समोरच्याचा लिहिण्याचा वेग ओळखून आपला वेग ठेवावा लागतो. ज्याला लेखनिकाचे प्रथम दर्शन परीक्षेच्या सकाळी होते, त्याचे गुण ज्ञानाअभावी नव्हे, सरावाअभावी जातात. हा सराव वर्षारंभापासून करून घेणे, हेच खरे मार्गदर्शन.

पुस्तकांची गोष्टही तशीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात अपंगांसाठी पुस्तके वाचनीय स्वरूपात आणण्याची मुभा मिळाली आहे. संगणक आज मराठी मजकूर वाचून दाखवू शकतो. मात्र तो मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. प्राध्यापकांच्या टिपणांचे नुसते छायाचित्र किंवा जुन्या पद्धतीच्या टंकातील मजकूर त्या यंत्राला वाचता येत नाही. टिपणे योग्य टंकात द्यावीत, फळ्याकडे तोंड करून न बोलता ओठ वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहून बोलावे, चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा. या गोष्टींना पैसा किती लागतो? लागते ती आठवण, आणि ती ठेवण्याची जबाबदारी असलेला एक माणूस.

असा माणूस जेथे नेमला जातो, तेथे काय घडते हे मुंबईत पाहावयास मिळते. झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र आहे. पण उल्हासनगरहून तेथे जाणे म्हणजे एका दिशेस पन्नासाहून अधिक किलोमीटरचा लोकलचा प्रवास. बदलापूरकरांस तो याहून लांब पडतो. धडधाकट माणूसही ज्या गर्दीत हतबल होतो, त्या गर्दीतून रोज जाण्याची हिंमत असणाऱ्यासच शिक्षण मिळावे, असा नियम आपण कोठे केला आहे?

म्हणून आमची सूचना अशी आहे की, या तीन शहरांतील महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक साहाय्य केंद्र उभारावे. एकेका संस्थेत असे विद्यार्थी थोडे असतील, पण तिन्ही शहरांचे मिळून ते खचित थोडे नाहीत. केंद्रात पूर्ण वेळ काम करणारा एक जाणकार मार्गदर्शक असावा. लेखनिकांची सूची परीक्षेपूर्वी नव्हे, वर्षारंभी तयार व्हावी. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांचे वाचन-लेखनाचे साहाय्य त्यांच्या सेवेच्या तासांत धरले जावे. प्रत्येक विद्यार्थ्यास प्रवेशाच्या दिवशीच ‘तुम्हांला काय हवे?’ असे विचारले जावे. मुंबई विद्यापीठाने आणि नगरसंस्थांनी या कामास हातभार लावावा.

यावर ‘याने दर्जा घसरेल’ असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. प्रश्नपत्रिका तीच राहते, उत्तराची कसोटीही तीच राहते. बदलतो तो उत्तरापर्यंत पोचण्याचा मार्ग. किंबहुना, दया म्हणून गुण देणे हा या विद्यार्थ्यांचा अपमानच होईल. पालकांनाही आमचे सांगणे आहे. मायेपोटी मुलाला घरात जपून ठेवणे ही माया त्याला पुढे महागात पडते. त्याचे ओझे आपण वाहण्यापेक्षा त्याला ते पेलावयास शिकवावे.

उल्हासनगर १९४९ साली विस्थापितांच्या छावणीतून उभे राहिले. लष्करी बराकींत राहिलेल्या त्या माणसांनी करुणेपेक्षा स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची संधी मागितली आणि शहर घडवले. त्या शहराला आणि त्याच्या शेजाऱ्यांना हे कर्तव्य वेगळे शिकवावयास नको. शासनाने ‘अपंग’ हा शब्द टाकून ‘दिव्यांग’ हा शब्द घेतला, २०२२ मध्ये महाराष्ट्राने त्यांच्या कल्याणाचा स्वतंत्र विभागही काढला. नाव बदलणे ही सुरुवात ठरावी, शेवट नव्हे.

मुंबईला जाता-येता गाडीत आणि रस्त्यात अनोळखी माणसांनी आपल्याला हात दिला, हे प्रांजल पाटील यांनी स्वतः सांगितले आहे. त्या प्रवाशांना कोणी नेमले नव्हते, कोणताही कायदा त्यांनी वाचला नव्हता. त्यांनी सहजबुद्धीने जे केले, ते आमच्या महाविद्यालयांनी आता नियमाने करावे, इतकेच आमचे मागणे आहे.