कॅल्शियमची गोळी आणि घड्याळ

पुण्याहून सोलापूरकडे जाताना साठेक किलोमीटरवर वरवंड लागते. या परिसरातील एखाद्या स्त्रीची थायरॉइड ग्रंथी गाठीमुळे किंवा कर्करोगामुळे समूळ काढावी लागली, तर ती शस्त्रक्रिया बहुधा पुण्यात होते. काही दिवसांनी ती घरी परतते तेव्हा पिशवीत गोळ्यांची पाकिटे असतात आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद. शल्यविशारदाचे काम तेथे जवळजवळ संपते. रुग्णाचे जन्मभराचे काम मात्र त्या कागदापासून सुरू होते. हा कागद कोणत्या भाषेत आणि किती तपशिलाने लिहावा, हा प्रश्न वैद्यकविश्वाने किरकोळ मानू नये.

थायरॉइडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटु ग्रंथी असतात. (त्यांचा पहिला छडा लागला तो माणसात नव्हे, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात!) रक्तातील कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना इजा झाली किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, की एक-दोन दिवसांतच कॅल्शियम घसरते. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आखडतात, पायांत गोळे येतात आणि प्रसंगी आकडीही येते. बहुसंख्य रुग्णांच्या ग्रंथी काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. काहींच्या मात्र कधीच सावरत नाहीत.

खेड्यातल्या घराला कॅल्शियमची गोळी ठाऊक आहे ती गरोदरपणातली किंवा म्हातारपणातल्या गुडघेदुखीवरची. ती चुकली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही, अशी समजूत असते. मग हातातील मुंग्या थांबल्या की ही गोळीही थांबते. सोबत दिलेल्या कॅल्सिट्रिऑलचीही हीच गत होते. परावटु ग्रंथीच निकामी झाल्यावर साध्या ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे मूत्रपिंडाचे काम मंदावते, म्हणून हे तयार रूप द्यावे लागते. त्याऐवजी आठवड्याला एकदा घ्यावयाची ‘ड’ जीवनसत्त्वाची स्वस्त पुडी देऊन भागत नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावयाची असते. कॅल्शियम आतड्यात तिला बांधून ठेवते. सबब दोहोंत चार तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळीलाही हाच नियम लागू. अमेरिकेत 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉक्सिनवर असलेल्या 20 रुग्णांना तीन महिने कॅल्शियम कार्बोनेट दिले गेले. त्यांपैकी चौघांच्या रक्तातील टीएसएच नेहमीच्या मर्यादेबाहेर गेले. आता पहाटे उठून पाणी, स्वयंपाक आणि गुरांचे आटोपणाऱ्या बाईने ‘एकदाचे उरकले’ म्हणून साऱ्या गोळ्या दुधाच्या चहाबरोबर घेतल्या, तर तिला दोष कसा द्यावा? पुढे टीएसएच वाढलेले दिसते, डॉक्टर थायरॉक्सिनची मात्रा वाढवतात. काही काळाने कॅल्शियम बंद होते आणि तीच वाढीव मात्रा छातीत धडधड करू लागते. कर्करोगाच्या काही रुग्णांत तर टीएसएच मुद्दाम खाली ठेवावयाचे असते. तेथे ही गल्लत अधिकच महाग पडते.

त्यात पित्ताची गोळी! ती आता घरोघरी बिनदिक्कत घेतली जाते. कॅल्शियम कार्बोनेट विरघळण्यास जठरातील आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर आणि दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्यावयाचे. पित्ताची गोळी नेमके ते आम्लच कमी करते. उपवासाच्या दिवशी जेवण नाही म्हणून गोळीही नाही, हा हिशेब तर सार्वत्रिक आहे. डॉक्टरला हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात विचारण्यास सवड नसते. उलट बाजूने, मुंग्या आल्या की मनानेच गोळ्या वाढवीत गेल्यास मूत्रपिंडात खडे होण्याची भीती असते. म्हणून रक्ततपासणी ठरल्या वेळी व्हावी लागते आणि मात्रा डॉक्टरनेच बदलावी लागते.

औषध देताना रुग्णास समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य आहे, असे 2015 च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी सांगून ठेवले आहे. दुकानाच्या फळीवर त्याची आठवण क्वचितच दिसते. रुग्णालयांना मात्र एवढे सहज करता येईल की, घरी सोडताना मराठीत एक वेळापत्रक छापून द्यावे: उठल्यावर थायरॉक्सिन, मग न्याहारी, दुपारच्या व रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, पुढील तपासणीची तारीखही त्यातच. शिवाय त्या कागदावर ठळक अक्षरांत नोंद असावी की, या रुग्णाची थायरॉइड ग्रंथी काढली असून कॅल्शियम घसरण्याचा धोका आहे. मध्यरात्री बोटे आखडलेल्या अवस्थेत तिला दौंडला नेले, तर भीतीपोटी झाले असेल असे म्हणून तिला परत पाठवले जाऊ नये. कॅल्शियम तपासून शिरेवाटे ते देण्याची निकड ड्यूटीवरील तरुण डॉक्टरला त्या कागदावरूनच कळावी.