दोन वेण्या

गेल्या दिवाळीत याच सदरात मी कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर पाहिलेल्या ‘सीतेच्या वेणी’विषयी मोठ्या कौतुकाने लिहिले होते. वाचकांना ते आठवत नसेल तर उत्तमच. कारण ती सीतेची वेणी नव्हती.

अंक बाहेर पडून पंधरा दिवस झाले नाहीत तोच एक कार्ड आले. अक्षर वळणदार, मजकूर चार ओळींचा. ‘आपण वर्णिलेला घोस विरळ आहे, पाने आखूड व रुंद आहेत. सीतेची वेणी अशी नसते. आपण फुलाचे शिंग पाहिले होते काय?’ मी फुलाचे शिंग पाहिले नव्हते. फुलाला शिंग असते हेच मला ठाऊक नव्हते. सौभाग्यवतींनी कार्ड वाचून एवढेच म्हटले, “म्हणजे तुम्ही द्रौपदीला सीता म्हणून हाक मारलीत!”

थट्टा सोडा, पण मला खरी बोच निराळीच होती, आणि ती गोष्ट मी लेखात दडवली होती. त्या जूनमध्ये एका पोराला झाडावर चढवून मी ती वेणी मुळांसकट खाली उतरवून घेतली होती. घरी आणून कुंडीत माती भरून लावली, रोज सकाळी पाणी घातले. गणपती येईपर्यंत ती कुजून गेली.

आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हे ऐकून डोक्याला हात लावून बसले. आमरी, म्हणजे ऑर्किड, झाडावर राहते म्हणून आपण तिला सर्रास बांडगूळ म्हणतो. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे रुतवून त्याचा रस ओढते. ही बिचारी नुसती सालीला धरून बसते. हवेतला ओलावा आणि सालीवरून ओघळणारे पाणी तिच्या मुळांवरचे पांढरे, स्पंजासारखे आवरण शोषून घेते. अशा मुळांना ओल्या मातीत पुरणे म्हणजे पोहणाऱ्याचे डोके पाण्याखाली दाबून धरणे.

मग त्यांनी मला शिकवणी दिली. आमरीच्या फुलाला तीन बाहेरची दले आणि तीन पाकळ्या. त्यांतली एक पाकळी निराळ्याच घाटाची, तिला ओठ म्हणतात. सारी ओळख या ओठात. सीतेच्या वेणीत, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसात, ओठाच्या बुडाशी बाजूंनी दबलेली एक पिशवी असते, ती मागे गेलेली. एरिडिस मॅक्युलोसमचा ओठ रुंद, गुलाबी-जांभळा, आणि त्याच्या खाली पुढे वळलेले आखूड शिंग. पहिलीचा घोस खरोखर वेणीसारखा गच्च विणलेला, बोट घालायला जागा नाही. दुसरीत फुलांचे देठ सुटे दिसतात. ठिपक्यांवर मात्र विसंबू नये, ते दोघींनाही असतात. तिसरी एक एरिडिस क्रिस्पा आहे, तिच्या ओठाची कड बारीक कातरलेली असते. ती मला अजून भेटायची आहे.

मी मराठीचा माणूस, तेव्हा नावांकडे वळलो, आणि तेथे तर आनंदच होता. ‘द्रौपदीची वेणी’ हे नाव कुठे एरिडिसला आहे तर कुठे ऱ्हिंकोस्टायलिसला. ‘रास्ना’ म्हणून बंगालकडे व्हँडा नावाची आमरी वापरतात. उत्तरेत आणि दक्षिणेत त्याच नावाने दुसऱ्याच वनस्पती विकल्या जातात. मराठी नाव प्रेमाने घ्यावे, पण साक्षीला उभे करू नये. फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइटांनी १९५३ साली शेजारच्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि कापडियांच्या साथीने १९६६ साली मुंबई इलाख्याच्या आमरींवर. परदेशातून आलेला माणूस आपल्या डोंगरातले एकेक शिंग मोजून गेला, आणि आम्ही लेण्यांच्या वाटेवर वडे खात गेलो!

या जूनमध्ये पुन्हा गेलो. कर्जतहून रिक्षाने कोंडिवडे, पुढे पायी. खिशात भिंग होते. वाट दाखवायला एक वयस्कर ठाकर बाबा बरोबर घेतले. पहिल्याच आंब्याखाली मी मान वर करून उभा राहिलो. फुले उंचावर, भिंग खिशात. बाबा हसले. “फुलं कशाला बघता, सर? पान बघा की.”

त्यांनी खालच्या फांदीवरचे, अजून न फुललेले एक रोप दाखवले. पाने लांब, पन्हळीसारखी दुमडलेली, टोक कुणी वेडेवाकडे कुरतडल्यासारखे. मग पुढच्या ऐनावरचे दुसरे दाखवले. पाने आखूड, जाड, आणि टोकाला दोन लहानमोठे गोल कान. बाबांना नावे विचारली, तर दोघींनाही ते एकच नाव सांगत होते. पण पाने ओळखताना त्यांची एकदाही चूक झाली नाही.

लेण्यात शिरलो. तेथे एका शिल्पाजवळ ब्राह्मी अक्षरांत कन्हाचा शिष्य बलक याने आपले नाव कोरून ठेवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर, पण हे काम माझे, हे स्पष्ट सांगून गेला आहे.

परतताना ते झाड सापडले. फांदी मी लांबूनच ओळखली. वेणी होती तिथली साल उघडी पडली होती आणि पांढऱ्या मुळांचे तुटके तुकडे अजून तिला घट्ट चिकटून होते.

“काय बघताय, सर?” बाबांनी विचारले.

“इथून गेल्या वर्षी मी एक नेली होती,” मी म्हटले.

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी त्याच फांदीच्या पलीकडच्या बेचक्यात बोट दाखवले. तेथे दोन पानांचे एक पोर रोप होते. पानांच्या टोकाला दोन कान होते.