हातोड्याआधीं वही

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या देवघरांत शाळिग्राम असेल. त्याला नित्य स्नान घालतांना त्यावरील चक्राकार वळीं सर्वांनीं पाहिलेलीं असतात. परंतु तीं वळीं कशाचीं, असें घरांतल्या एखाद्या मुलानें विचारलें, तर त्याचें समाधान करणारें माणूस दर घरीं असेलच असें नाहीं. नेपाळांतील काली गंडकीच्या पात्रांत मिळणाऱ्या या शिळांत अमोनाइट नांवाच्या समुद्रचर प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. आजच्या माकुळांचा हा दूरचा आप्त. जेथें आज हिमालय उभा आहे, तेथें एके काळीं समुद्र होता. त्याच्या तळच्या गाळांत हे शंख सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं पुरले गेले, आणि तोच गाळ पुढें पर्वत होऊन वर आला. हें कळल्यानें पूजेंत कांहीं उणें पडत नाहीं. उलट हातांतली शिळा किती पुरातन आहे हें जाणून तो हात अधिकच हळुवार होतो.

असें ज्ञान मुलांना मिळावें कोठें? अलीकडे देशोदेशीं व्यवसायानें भूगर्भशास्त्रज्ञ असलेलीं माणसें मुलांना व मोठ्यांना डोंगरांत, नदीकांठीं, समुद्रकिनाऱ्यावर नेऊन दगड आणि जीवाश्म प्रत्यक्ष दाखवितात. अशा शिबिराचें नांव काढलें कीं पुष्कळ घरांत आक्षेप ठरलेला असतो: पुस्तकें आहेत, चित्रें आहेत, मग दगडधोंडे पाहण्यासाठीं उन्हांत भटकण्याची काय गरज? आक्षेप वरकरणी रास्त वाटतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

पुस्तकांत दगड ओळखलेला असतो. डोंगरांत तो ओळखावयाचा असतो. गारगोटी कांचेवर ओरखडा काढते, चुनखडकावर सौम्य आम्लाचा थेंब टाकतांच तो फसफसतो, या गोष्टी वाचून पाठ होतात. पण दहा सारखे दिसणारे धोंडे पुढ्यांत असतां कोणता कोणाला ओरखडतो हें हातानेंच शिकावें लागतें. दुसरा लाभ याहून मोठा आहे. खरा शास्त्रज्ञ मुलाच्या हातांतला दगड भिंगाखालीं धरून कधीं कधीं म्हणतो, "हें मला एवढ्यावरून सांगतां येणार नाहीं." वडीलधाऱ्या, विद्वान् माणसाच्या तोंडून हें वाक्य ऐकणें आपल्या मुलांच्या वाट्याला फार क्वचित् येतें. पुरावा असेल तेवढेंच बोलावें, हा धडा शाळेंत सांगितला जातो. तेथें तो डोळ्यांना दिसतो.

आणि अशा शिबिरांत हातोडा उचलण्याआधीं वही उघडावयास लावतात. दगड कोठें होता, कोणत्या थरांत होता, कसा पडला होता, शेजारीं काय होतें, हें टिपून घ्यावयाचें. शेजारीं मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावयाचें. मगच त्याला हात लावावयाचा. मुलांना हा सोपस्कार कंटाळवाणा वाटतो. तो कां करावयाचा हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल.

गुजरातेंतील ढोली डुंगरी येथें १९८४ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना डायनासोरच्या अंड्यांसह कांहीं बारीक हाडें असलेला खडक मिळाला. तीं हाडें अंड्यांतून निघालेल्या पिलाचीं असावींत, असें प्रथम वाटलें. पुढें २००१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनीं तो खडक पाहिला, तेव्हां त्यांतील कांहीं मणके सापाचे आहेत हें त्यांच्या ध्यानीं आलें. फुटलेल्या अंड्याभोंवतीं वेटोळें घातलेला सुमारें साडेतीन मीटर लांबीचा साप, आणि शेजारीं डायनासोरचें पिलूं! सुमारें ६ कोटि ७० लक्ष वर्षांपूर्वीं घरट्यावर आलेला तो साप बहुधा वादळांत ढांसळलेल्या वाळूमातीखालीं पिलासह पुरला गेला. हें संशोधन २०१० मध्यें प्रसिद्ध झालें, आणि सापाला संस्कृत शब्दांवरून 'सनाजेह' असें नांव मिळालें.

आतां कल्पना करा कीं शास्त्रज्ञाआधीं तेथें एखादा हौशी मनुष्य गेला असता, आणि त्यानें छिन्नीनें गोल अंडें तेवढें सोडवून घरच्या कपाटांत ठेविलें असतें. अंडें वांचलें असतें, पण कथा कायमची नष्ट झाली असती. अंडें, पिलूं व साप एकत्र होते, ही त्या खडकाची खरी संपत्ति. मूळ जागेची नोंद नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता फाटून गेलेलें पत्र. अशीं पत्रें बाजारांत विकलीं जातात, हौसेनें विकतहि घेतलीं जातात, आणि दर खरेदीबरोबर डोंगरांतला एकेक पुरावा पुसला जातो.

तर मग कांहींच उचलूं नये काय? याचें उत्तर जागेजागेवर अवलंबून आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गांवीं तेथील संग्रहालयाचे भूगर्भशास्त्रज्ञ ओहोटीची वेळ साधून लोकांना किनाऱ्यावर नेतात. तेथील कडे सतत ढांसळतात आणि खालीं पडलेले जीवाश्म लाटा झिजवून टाकतात; म्हणून सुटे पडलेले जीवाश्म उचलण्यास मोकळीक आहे. उलट कॅनडांतील बर्जेस शेल, जेथें १९०९ सालीं चार्ल्स वॉलकॉट यांना ५० कोटि वर्षांहून जुन्या मृदुकाय प्राण्यांचे ठसे मिळाले, तेथें वाटाड्यावांचून जातां येत नाहीं. जाऊन येऊन २० किलोमीटरांहून अधिक चाल करावयाची, दगड हातांत घेऊन पाहावयाचे, आणि पुन्हां तेथेंच ठेवावयाचे. एके ठिकाणीं न उचलल्यानें नाश, दुसरीकडे उचलल्यानें नाश. हा विवेक शिकण्यासाठींच बरोबर जाणता माणूस हवा.

आपल्याकडे पाहण्याजोगें कांहीं आहे काय, असें कोणी विचारील. महाराष्ट्राचा बहुतेक भाग तप्त लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या कातळाचा आहे. त्या कातळांत हाडें शोधणें व्यर्थ. पण घाटांतून जातांना डोंगराच्या ज्या पायऱ्या दिसतात, त्या एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांच्या आहेत. कातळाच्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक सांपडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर कातळाचे उभे खांब दिसतात. विदर्भांत दोन थरांच्या मध्यें जुन्या तळ्यांचा गाळ सांपडतो. त्यांत गोगलगाईंचे शंख, फळें, बिया दगड होऊन राहिल्या आहेत. स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनीं नागपूरच्या आसपासचे असे जीवाश्म जमवून त्यांवरील निबंध १८५५ सालीं प्रसिद्ध केला.

आणखी एक गोष्ट. अशा शिबिरास मुलगा जाणार आणि मुलगी घरीं राहणार, असा विचार कोणाच्या मनांत येत असेल, तर त्यांनीं लाइम रीजिसच्याच मेरी ॲनिंगचें स्मरण करावें. सुताराची ही मुलगी १७९९ सालीं जन्मली. १८११-१२ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या बाराव्या-तेराव्या वर्षीं, तिनें भावाच्या साथीनें इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाचा सांगाडा उजेडांत आणला. तिच्या शोधांवर मोठमोठ्या पंडितांनीं निबंध लिहिले. पण लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळानें स्त्रियांना सभासद करून घेतलें तें १९१९ सालीं, तिच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनीं.

तेव्हां संधि मिळेल तेव्हां मुलामुलींना अवश्य पाठवावें. मात्र नेणारा त्या शास्त्रांतला जाणता आहे ना, आणि जागेची रीतसर परवानगी आहे ना, हें आधीं विचारून घ्यावें. मूल परत आलें कीं "काय आणलेंस?" असा प्रश्न घरोघर होतो. त्याऐवजीं आजोबांनीं चष्मा लावून त्याची वही मागावी, आणि पहिल्या पानापासून वाचावी.